चुन्याचे पट्टे

मेडशीच्या स्टँडसमोरचा रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागे. सडकेकडेच्या दगडांना चुना फासणारा एक मजूर मला तिथे रोज भेटायचा. प्रत्येक वाक्याला ‘हाव का नाही?’ जोडायचा आणि उत्तराची वाट न पाहता पुढे बोलायचा.

एकदा ट्रकच्या धक्क्याने एका भाजीवालीची टोपली उडाली. बाई थोडक्यात वाचली. दुसऱ्या सकाळी या मजुरानं उरलेल्या चुन्यानं रस्त्यावर पट्टे ओढले.

“अकोल्याले पाह्यले, गुरुजी. यावरून मानसं चालतेत, गाड्या थांबतेत. हाव का नाही?”

गाड्या खरंच थांबू लागल्या. नवा नाका बसला, असं ड्रायव्हरांना वाटत असावं. माणसं मात्र पट्ट्यांना वळसा घालून, पळतच पलीकडे जात. ती भाजीवालीसुद्धा.

“एवढं साजरं काढलं, त्याच्यावर पाय कायले द्या?” ती मलाच विचारू लागली. रांगोळी कुणी तुडवतं का?

मग तो स्वतःच रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन पट्ट्यांवरून येरझाऱ्या घालू लागला. ट्रक थांबत, लोक कडेला उभे राहून बघत. हसावं की त्याच्यासोबत चालावं, मला कळेना.

संध्याकाळी तो पलीकडच्या हॉटेलात चहा पीत होता. मी रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेलो.

“गुरुजी, गाड्यायले समजलं, मानसायले काहून समजून नाही राह्यलं?”

या वेळी ‘हाव का नाही’ आलं नाही. तो खरंच उत्तराची वाट पाहत होता.

मी मागे वळून पट्ट्यांकडे पाहिलं. आत्ता मीही वळसा घालूनच आलो होतो.