पांगाऱ्याचे कोंब

पांगाऱ्याला फुटलेली पालवी मला बघवायची नाही.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. बाबांनी नाशिकजवळ वाट्याने मळा घेतला आणि आम्हाला इगतपुरीहून उचलून आणलं. कारल्याच्या मांडवाला त्यांनी बांबूऐवजी बांधावरच्या पांगाऱ्याचे ओले खांब रोवले. वर म्हणाले, "खांब धरले, मुळं फुटून जगले तर इथंच राहायचं. नाय धरले तर परत इगतपुरी." झालं! माझी इगतपुरीची शाळा, मैत्रिणी, सगळं त्या काटेरी लाकडांवर येऊन बसलं. अभ्यासात लक्ष लागेना, जेवण जाईना. दहा वेळा मांडवाखाली जाऊन बघायचं, कुठं कोंबाचा डोळा फुटला का?

फुटला. मग रोज पहाटे बाबा मोटर लावायला गेले की मी कोंब खुडायला लागले. बोटं काट्यांनी सोलवटली. पण गंमत अशी, की निम्म्या खांबांवरचे कोंब मी पोचायच्या आधीच गेलेले असायचे. मला वाटलं, कुणाची तरी शेळी खाते.

एकदा आईने माझी बोटं धरली, उलटसुलट केली. तिने स्वतःचा हात पदराखाली घेतला, तेव्हा तिच्या बोटांवरचे ओरखडे मला दिसले. आईलाही जायचं होतं! केवढा आनंद झाला मला.

खांब धरले नाहीत. श्रावणात, ऐन तोडणीच्या आठवड्यात, बुडात कुजलेला मांडव लगडलेल्या कारल्यांसकट आडवा झाला. बाबा चिखलात बसले. "माझा हातच वाईट. पांगारासुद्धा धरंना मला," म्हणाले आणि रडले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला, भयंकर लाज.

"आवरा आता," ते आईला म्हणाले, "जाऊ इगतपुरीला."

आई उठली, कोयता घेतला आणि बांधावरून पांगाऱ्याच्या नव्या फांद्या तोडून आणल्या. "अहो, एकदा नाही धरलं म्हणून काय झालं? खड्डे घ्या," म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "या कोंबांना हात लावलास तर तंगडं मोडीन."

ते सगळे खांब धरले. पुढे आम्ही तिथेच राहिलो. मला मात्र त्या मळ्यात कधी स्वस्थ बसवलं नाही, अजूनही बसवत नाही. फाल्गुनात झाडं लालभडक फुलली की बाबा येईल त्याला धरून दाखवायचे, "पहिल्या साली एक खांब धरला नाय. दुसऱ्यांदा हिने आणून दिले. हिचाच हातगुण!"

आई तेव्हा चहा ठेवायला आत निघून जायची.