मोठ्या नळीची रायफल

नोकरीत शेकडो पंचनामे लिहिले. त्यातला एक मात्र मी अर्ध्यावर खोडून पुन्हा लिहिला होता. तो अजून शब्दन् शब्द लक्षात आहे.

बोंडअळीने कापूस पोखरला त्या हंगामातली ही गोष्ट. मी घाटंजीच्या बाजूला ठाणेदार होतो. हत्यारांचे नियम नुकतेच कडक झाले होते. छर्ऱ्याच्या बंदुकीला पूर्वी कुणी परवाना विचारत नसे. आता नळी ठरलेल्या मापाहून मोठी असेल तर परवाना लागणार होता. ठाण्यात परिपत्रक आले, मी ते फलकावर लावले. गावोगाव जाऊन कुणी सांगितले नाही, मीही नाही.

एका सकाळी हजेरी आटोपत असताना एक शेतकरी आला. त्याचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजाऱ्याशी जुना वाद होता. धुऱ्याच्या वादातून आलेली खबर निम्मी खरी असते, हा माझा अनुभव.

"साहेब, त्याच्या घरी दुर्बिणीची रायफल हाय. रोज फाटफाट चालू राह्यते. माया बैलाले लागली तं?"

"तू पाहिली?"

"आवाज आयकला ना! आवाज काय खोटा बोलते?"

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच आणि एक महिला शिपाई घेतली आणि गावात गेलो. रायफल लपवलेली नव्हतीच. ओसरीत खुंटीला टांगली होती, शेजारी फवारणीचा पंप. दुर्बीण वगैरे काही नव्हते. छर्ऱ्याची बंदूक, पण नळी मोठ्या मापाची. घरमालकाने ट्रंकेतून पावती काढून दिली. ती नियम बदलण्याच्या आधीची होती आणि तिच्यावर नाव होते त्याच्या मुलीचे.

मुलगी वीस वर्षांची. कॉलेजात शिकत होती, यवतमाळला नेमबाजीचा सराव करायची, जिल्ह्याकडून खेळली होती. वनरक्षकाच्या भरतीत तिची निवड झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. ती पडताळणी आमच्याच ठाण्यातून जाणार होती. गुन्ह्यात नाव आले की नोकरी गेली, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

तरी ती सरळ पुढे आली. "रायफल मायी आहे साहेब. मीच सराव करतो. बाबाचा काही संबंध नाही."

बाप खाली मान घालून उभा होता. मी पावतीवरचे नाव पंचनाम्यात उतरवले. आमच्या घरात सही करता येणारा मी पहिला. कागदानेच मला गावातून उचलून नोकरीला लावले, त्यामुळे कागदावर माझा फार विश्वास.

सील लावायच्या आधी काय मनात आले कोण जाणे. छर्ऱ्यांचा डबा मी खिशात घातला, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि रायफल तिच्या हाती दिली.

"सराव करतेस ना? छर्रा कसा भरतात ते दाखव."

तिने रायफल खांद्याला सुरेख लावली. मग तिचा हात बाजूला दांडा शोधू लागला. क्रीडा संकुलातल्या रायफलींना तो असतो, या रायफलीला नव्हता. तिने इकडून पाहिले, तिकडून पाहिले. 

बापाला राहवले नाही. "तिकडं नाई ना पोरी! वरून थाप मार, नळी मोडते," म्हणत त्याने रायफल घेतली, तळहाताने एक थाप मारली आणि क्षणात नळी वाकवून दाखवली.

एक पंच हसला. "घ्या, बापच निघाला मास्तर!"

मुलगी ओरडली, "काहून बोलले बाबा तुमी?"

मग बाप बोलला. नागपूरच्या दुकानात दोन रायफली समोर ठेवल्या होत्या. खेळाची नळी बारीक असते. मुलीने माप चिठ्ठीवर लिहून दिले होते, स्वतःचे खेळाडूचे कार्डही दिले होते. म्हणून पावती तिच्या नावाने झाली.

"म्या म्हटलं, मोठी घेतली तं खेळबी होईन अन् तुरीतले डुकरंबी पयतीन. एका वस्तूत दोन कामं."

स्पर्धेत मोठी नळी चालतच नाही. मुलीने रायफल पाहिली, खुंटीला टांगली आणि पुन्हा हात लावला नाही. डुकरे हाकायला बाप ती वापरत राहिला.

मी मुलीचे नाव खोडले, खोडल्या जागी सही केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि ताबा बापाचा असल्याचे लिहिले. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. पुढे त्याने न्यायालयात कबुली दिली, दंड भरला, रायफल सरकारजमा झाली. मुलीची पडताळणी स्वच्छ गेली.

रुजू होण्याआधी ती ठाण्यात आली. मला वाटले, पेढे घेऊन आली असेल. तिचे हात रिकामे होते.

"साहेब, नाव मायंच राहू द्यायचं होतं. मले दुसरी नोकरी भेटली असती. बाबा आता पारावर बसत नाही. धुरेवाला त्याले आरोपी म्हणून हाक मारते."

"तू खोटं सांगत होतीस," मी म्हणालो.

"हो. पण तुमी मले इचारलं नाही, काहून सांगून राह्यली म्हणून."

ती नमस्कार करून गेली. 

मी खरे लिहिले, याबद्दल आजही शंका नाही. पण त्यानंतर आरोपीच्या रकान्यात नाव लिहिण्याआधी मी समोरच्याला खुर्चीत बसायला सांगू लागलो. या नावाने तुझ्या घरात काय होईल, ते त्याच्याच तोंडून ऐकू लागलो. ऐकूनही बहुतेक वेळा तेच नाव लिहावे लागले. तरी निवृत्तीपर्यंत ती खुर्ची मी टेबलासमोरून हलवू दिली नाही.