बाकड्यावरच्या अक्का

अक्का गेल्याचा, शिवैक्य झाल्याचा निरोप आला तेव्हा मी कोर्टाच्या आवारात गाडी लावत होते. मेसेज दोनदा वाचला आणि तशीच गाडीला टेकून उभी राहिले... रडू आलं नाही, रागच आला. एवढी घाई कशाला केली, असा राग. आदल्याच आठवड्यात दवाखान्यात त्या मला म्हणाल्या होत्या, "हितं तोंड पाडून बसू नको. तारखा बघ जा." अक्कांना जाऊन आता महिना होत आला. राग अजून गेलेला नाही.

शैला अक्का कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस चालवायच्या. माहेर कानडी मुलखाला लागून, गडहिंग्लजकडचं, म्हणून सगळं कोर्ट त्यांना अक्का म्हणे. मी त्यांची ज्युनिअर. आम्हा वकील मंडळींना दिन साजरे करायची भारी हौस. महिला दिन, मानसिक आरोग्य दिन, दिव्यांग दिन... बॅनर, शाल, नारळ, कांदाभजी, चहा. अक्का प्रत्येक व्यासपीठावर असायच्याच, आणि बोलायच्याही झकास. कार्यक्रम असला की दुपारच्या केसेसना पुढची तारीख पडणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असायचं.

एका महिला दिनाला तो अंदाज चुकला. वर बार रूममध्ये अक्का स्त्रियांच्या सुरक्षिततेवर बोलत होत्या आणि खाली कोर्टाबाहेरच्या बाकड्यावर आमची पक्षकार सुरेखा बसली होती. कबनूरची, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणारी. ज्याच्या माराला भिऊन ती कोर्टात आली होती, तो नवरा तिच्या खांद्याला खांदा लावून बसलेला, कारण तिथं बसायला तेवढं एकच बाकडं. तो हळू आवाजात पोरांवरून काय काय सांगत राहिला... पुकारा झाला, आणि सुरेखानं आत जाऊन तक्रार मागे घेतली. अक्का पुष्पगुच्छ घेऊन खाली आल्या तेव्हा दोघं फाटकाबाहेर पडत होते.

पावसाळ्यात सुरेखा परत आली, हात गळ्यात बांधलेला. अक्कांनी नवी तक्रार दाखल केली आणि पहिल्या तारखेला थेट बाकड्याशी गेल्या. "पावणं, जरा सरकून बसा की," नवऱ्याला म्हणाल्या, "म्हातारीचं गुडघं दुखत्यात." आणि दोघांच्या मधे ऐसपैस बसल्या.

"तुमी वकील. तुमची जागा आत हाय," तो गुरगुरला.

"व्हय. पर आज हितंच बसणार हाय."

पुकारा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. प्रत्येक तारखेला हेच. सुरेखानं न अडखळता सगळं सांगितलं. तिला संरक्षण मिळालं, मुलंही तिच्याकडेच राहिली.

त्यानंतर अक्का कुठल्याही दिनाला व्यासपीठावर बसल्या नाहीत. बोलावणं आलं की "तुमी करा की दणक्यात, मी हाय खाली," म्हणायच्या. काहींना तो शिष्टपणा वाटायचा. तक्रार करणाऱ्या बायकांना बसायला वेगळी खोली द्या, म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केले. ती अजून झालेली नाही.

गेल्या आठवड्यात बार रूममध्ये शोकसभा झाली. अक्कांना कुणी दुर्गा म्हटलं, कुणी माऊली. भाषणं लांबत गेली, मला ऐकवेना, म्हणून मी खाली आले. तर बाकड्यावर सुरेखा. सभेला आली असेल आणि वर यायला संकोचली असेल, असं वाटलं. तिच्या एका बाजूला मान खाली घातलेली एक तरुण मुलगी होती, दुसऱ्या बाजूला चुळबुळणारा एक गडी.

"वर चल ना, सुरेखा," मी म्हणाले. "ही कोण? नात्यातली?"

"न्हाय वो मॅडम, वळख न्हाय." तिनं जागा सोडली नाही. "हिचा वकील वर सभेला गेलाय. त्यो येऊ दे, मग येतो मी."