नायलॉनच्या झोळ्या

त्या दुष्काळात धारूरच्या डोंगराखाली पाझर तलावाचं काम निघालं आणि मला लेकरं सांभाळायचं काम मिळालं. बाया खाली माती उकरायच्या, टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावर टाकायच्या, आणि त्यांची अंगावरची लेकरं दिवसभर माझ्याकडं. मी सातवी शिकलेली, म्हणून मला सगळे बाई म्हणायचे. बाया मात्र आक्का म्हणायच्या.

सावली म्हणजे एक लिंबाचं झाड आणि दोन बाभळी. त्यांच्या फांद्यांना अंबाडीचे दोर टाकून आम्ही लुगड्याच्या झोळ्या बांधल्या होत्या. जुनं नऊवारी सुती लुगडं झोळीला फार चांगलं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालेलं असतं की लेकरू टाकलं की त्याच्या पाठीला हवा तसा खोलगा पडतो. घाम पिऊन घेतं. शिवाय आईच्या अंगाचा वास असतो, त्यामुळं रडणारं लेकरूही लवकर निवतं. खोट एकच. लेकरानं ओलं केलं की ते ओलंच राहायचं, धुवायला पाणी लागायचं, आणि टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. दुपारनंतर झाडाखाली आंबूस वास सुटायचा. हे मी लपवत नाही.

तलावाचं काम मजुरांच्या सहकारी सोसायटीनं घेतलं होतं. मजूर आम्ही, सोसायटीही म्हणायला आमचीच, पण तिच्यात काय चाललंय ते आम्हाला जीप आल्यावर कळायचं. एक दिवस सेक्रेटरी जीपमधून निळ्या झोळ्यांचा गठ्ठा घेऊन आले. शहरातून आणलेल्या, जाळीच्या, दोन्ही टोकांना कडी. ती दोरी नायलॉनची की दुसऱ्या कसल्या प्लास्टिकची, देव जाणे. सगळे नायलॉनच म्हणायचे. नारळ फुटला. सेक्रेटरी म्हणाले, "आता आपली लेकरं बंगल्यातल्या लेकरांवानी झोपतील." मग दोन माणसांनी आमची लुगडी सोडून खाली टाकली. बाया बांधावर होत्या. कुणी त्यांना हाकसुद्धा मारली नाही.

पहिले आठ दिवस मलाही त्या झोळ्या आवडल्या, कावून खोटं बोलू? हलक्या होत्या. लेकरानं ओलं केलं की खाली गळून जायचं, घोटभर पाण्यात जाळी स्वच्छ व्हायची आणि लगेच वाळायची. वाराही लागायचा.

मग लेकरांच्या पाठी दिसायला लागल्या. प्रत्येकीवर जाळीचे चौकोन उमटलेले, लाल. ती दोरी घाम पीत नाही. घाम तिच्याखाली साचतो आणि कातडी सोलवटते. सावली सरकली की दोरी अशी तापायची की हात लावला तर चटका बसावा. एका लेकराचा अंगठा जाळीत अडकून निळा पडला, तो मी एकेक पीळ सैल करून सोडवला. एक पोरगी, लिंबागणेशकडून आमच्या गावात नांदायला आलेली, तिचं पाच महिन्यांचं लेकरू होतं. तिनं गुपचूप आपलं लुगडं जाळीत अंथरलं. मुकादमानं ते ओढून काढलं. म्हणाला, "साहेब बघायला येनार हायेत, चिंध्या दिसायला न्हाई पायजेत."

मी सोसायटीच्या कचेरीत गेले. सेक्रेटरी म्हणाले, "कावून ओरडता बाई? नायलॉन हाय, हत्ती बसला तरी तुटायचं न्हाई. आन तुमचं ते लुगडं धुवायला पानी कुठनं आनू? मानसं मरायलीत पान्यावाचून."

पाण्याचं त्यांचं खरं होतं. मी तशीच परत आले.

उन्हाळा चढला तशी झोळ्यांच्या कड्यांजवळची दोरी पांढुरकी दिसायला लागली. हाताला पिठासारखी भुकटी लागायची. धारूरच्या बाजारात दोरखंड विकणारे एक म्हातारे चाचा बसायचे. अंबाडीचे, सुताचे, प्लास्टिकचे, सगळे दोर त्यांच्याकडं. मी एक तुटका तुकडा त्यांना दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि मान हलवली.

"धूप में मरता ये. अंबाडीकू पानी खाता, इसकू धूप खाती. छाँव में रक्खो, सामान बांधो, मैं बी बेचता. पर बच्चा नक्को सुलाओ बाई."

"नवा होता तवा लई मजबूत होता की," मी म्हणाले.

"नवा था तब," चाचा म्हणाले.

मी दुसऱ्यांदा कचेरीत गेले. चाचांचं म्हणणं सांगितलं. सेक्रेटरी हसले. "दोरवाल्याचं ऐकून सोसायटी चालवू का?" मी त्याच दिवशी येऊन सगळ्या झोळ्या सोडायला पाहिजे होत्या. काम जाईल या भीतीनं सोडल्या नाहीत. त्यांचा राग येतो त्याहून थोडा जास्त राग मला माझा येतो, तो याचा.

चार दिवसांनी, भर दुपारी, कडीजवळची दोरी तुटली आणि लिंबागणेशकरणीचं लेकरू खाली पडलं. आधी आवाज आला नाही, मग एकदम किंचाळलं. ती बांधावरून टोपली टाकून धावत आली. जीप नव्हती. पाण्याच्या टँकरमध्ये बसून आम्ही धारूरला दवाखान्यात गेलो. हात मोडला होता. डॉक्टर म्हणाले, जुळेल. परत येताना ती नुसती त्या प्लास्टरवर फुंकर घालत राहिली.

तिसऱ्या दिवशी मुकादमानं माझ्यापुढं एक कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की झोळीची गाठ नीट न बांधल्यामुळे, लेकरं सांभाळणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणानं हे झालं. खाली माझी सही पाहिजे होती.

कागद वाचताना माझे कान तापले. मी सही केली नाही. तुटलेली झोळी घडी करून पदराखाली घेतली आणि सोसायटीची बैठक होती तिथं जाऊन उभी राहिले. चेअरमन, सेक्रेटरी, पाच-सहा सभासद, चहा चाललेला.

"गाठ सुटलेली न्हाई," मी म्हणाले. "ही बघा गाठ, तशीच हाय. दोरी तुटलीय." आणि ती दोरी मी चेअरमनच्या टेबलावर बोटांनी चोळली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिचा भुगा झाला.

सेक्रेटरी म्हणाले, "ती जुनी असंल."

"दोन महिन्यांमागं तुमीच नारळ फोडलात."

चेअरमननी टेबलावरचा भुगा फुंकून टाकला. तेवढ्यात दारात लिंबागणेशकरीण उभी दिसली, लेकरू कडेवर. माझ्या मागं मागं चालत आलती, मला पत्ता नव्हता. कचेरीची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती. ती फक्त सेक्रेटरीकडं बघून म्हणाली, "माजं लुगडं कुनाला इचारून काढलं तुमी?"

एवढंच. सेक्रेटरींनी चहाचा कप उगाच सरळ केला. चेअरमन म्हणाले, "बरं, बरं, बघू." चूक झाली, असं त्या खोलीत कुणीही म्हणालं नाही. पण तो कागद पुन्हा माझ्यापुढं आला नाही आणि दुसऱ्या दिवशी निळ्या झोळ्या सोडून गोदामात गेल्या.

लुगडी परत आली. अंबाडीचे जुने दोर मात्र मुकादमानं कुणाला तरी देऊन टाकले होते, आणि पाऊसच नव्हता तर नवी अंबाडी कुठली? चाचांकडचेही संपले. मग शेतांच्या बांधावरचं काटेरी घायपात कापलं. त्याला अंबाडीसारखं पाण्यात कुजत घालावं लागत नाही. पान दगडावर ठेवून विळ्यानं खरवडलं की पांढरा वाख, दोराचा धागा, निघतो. भाकरी खाऊन झाली की बाया तेच करत बसायच्या. हातांना खाज सुटायची, बोटं फुटायची. वाख राठ असतो, म्हणून त्याचे फक्त वरचे दोर वळले, लेकराच्या अंगाखाली सूतच. ओल्याचं काय, तर प्रत्येकीनं दोन लुगडी आणली. एक झोळीत, एक उन्हात. वास गेला नाही, पण कमी झाला. एवढं सुचायला सोसायटी लागत नव्हती. एकदा बायांना विचारलं असतं तरी पुरे होतं.

आमच्याकडं पाऊस पडून काम थांबलं तेव्हा कळलं की उरलेल्या झोळ्या सेक्रेटरींनी लिंबागणेशकडच्या दुसऱ्या कामावर पाठवल्यात. तिथल्यांना सावध करायला मी एसटीनं गेले. तिथली लेकरं सांभाळणारी बाई माझ्यापेक्षा वयानं मोठी. लेकरं तिच्या भोवती गोधडीवर लोळत होती, आणि निळ्या जाळ्यांत तिनं भाकरीची गाठोडी आणि कांदे टांगले होते.

"मुंग्या लागत न्हाईत," ती म्हणाली. "लेकरू एकदाच टाकलं, त्याची पाठ बघितली आन काढलं."

दोघी हसलो. परतीच्या गाडीत मात्र माझं डोकं पुन्हा तापलं. तिनं तिथं, मी इथं, दोघींनी तेच लेकरांच्या पाठींवरून शिकायचं, आणि ज्यांनी विकत घेतल्या त्यांनी हातसुद्धा लावून बघायचा नाही? स्टँडवरून मी सरळ कचेरीत गेले आणि सेक्रेटरींना सगळं सांगितलं.

"बाई," ते वैतागून म्हणाले, "तुमाला दुसरं काम न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तलावाचं बंद झालंय." आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले.