बहिणीचं गाणं, हळदीच्या मांडवात

बॅनरवर माझ्या डोळ्यांना काळा गॉगल असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘खान्देशचा रॉकस्टार’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. जळगाव-धुळ्यात माझं ते एक गाणं माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण, पण ते ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

ते मी बहिणीवर केलं. ती सोनगीरला दिलेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि त्यांना आणायला भावानं जायचं असतं. त्या वर्षी मी अमळनेरहून तिला आणायला निघालो, तोवर ती धुळ्याला दवाखान्यात पोचली होती. साधी कावीळ आहे म्हणत होते. आखाजीच्या आदल्या दिवशी ती गेली. मागे दाजी आणि एक लहान पोरगी. तिच्यासाठी बांधलेला झोका आईनं किती दिवस कोणाला सोडू दिला नाही. त्यावरच मी अहिराणीत गाणं केलं, ‘उठ वं बहिनी, झोका रिकामा शे.’ ओरडून म्हणायचं गाणं. रडणं घशात अडकलं की माणूस ओरडतो. मला गिटार आणि रॉक तेवढ्यासाठीच हवं होतं.

आमचा बँड म्हणजे मी, बास गिटार वाजवणारा पहूरचा एक मित्र आणि ड्रमर. ड्रमर लग्नाच्या बँडमधून आलेला. हात सोन्याचा, पण वळण मांडवाचं. त्याच्या धंद्यात समोरचे लोक नुसते उभे राहिले की समजायचं, पार्टी नाराज आहे. जळगावला कॉलेजच्या मैदानावर मी हे गाणं पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा पोरं गप्प उभी राहिली. मला वाटलं, ऐकताहेत. गाण्यानं मला दिलेलं सुख तेवढंच. ड्रमरला वाटलं, कार्यक्रम पडला. मला सावरायला म्हणून त्यानं मधेच हळदीचा ठेका धरला आणि मैदान नाचायला लागलं. कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं. थोड्याच दिवसांत गावोगावच्या डीजेवर माझी बहीण वाजू लागली.

मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. तो बिचारा गोंधळून म्हणाला, “भाऊ, लोके नाची ऱ्हायनात. आखो काय पाहिजे तुले?” लोक नाचले की त्याच्या हिशेबात आणखी काही उरत नव्हतं.

सुपाऱ्या येत राहिल्या. दुसरं काही म्हणायला घेतलं की खालून आरोळी यायची, ‘बहिनी लाव!’ हे मेलेल्या माणसाचं गाणं आहे, असं स्टेजवरून सांगूनही पाहिलं. गाढवापुढे वाचली गीता. माझं बोलणं संपेपर्यंत ते शिट्ट्या मारायचे आणि मग नाचायचे. चिडून चिडून मी थकलो.

यंदा दाजींचं दुसरं लग्न ठरलं आणि हळदीला त्यांनी आमचा बँड बोलावला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही; एकट्या माणसानं पोरगी कशी वाढवायची? मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, “जाय भाऊ. पोरगीना तोंडकडे देखीसन जाय.” म्हणून बँड घेऊन सोनगीरला गेलो.

हळद दुपारची होती. दाजी जवळ आले आणि म्हणाले, “भाऊ, तुनं ते गानं म्हन ना. बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात.” मांडवातले सगळेच वाट बघत होते. मी दाजींच्या हळदीनं पिवळ्या तोंडाकडे पाहिलं. तिथे नुसती हौस होती. ते शब्द तिच्या नवऱ्यापर्यंतही पोचले नव्हते.

मग मी मनाशी ठरवलं. ह्याच अंगणात ती नांदली, इथे तरी ते एकदा नीट ऐकलं जाऊ दे. पुढे जन्मभर हळदीत वाजवा, माझं काही म्हणणं नाही. ड्रमरला काड्या खाली ठेवायला सांगितल्या आणि नुसत्या गिटारवर, अगदी हळू, सुरुवात केली.

पहिल्या ओळीला मांडव शांत झाला. दुसऱ्या ओळीला मागून कोणीतरी ओरडलं, “माईक बिघडना का रे?” लोक हसले. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि सगळा मांडव माझ्या पुढे जाऊन, आपल्या चालीत, ते गाणं म्हणू लागला. शब्द न् शब्द बरोबर. मी थांबलो, तरी कोणाला कळलं नाही. तिच्या सासरची माणसं तिला उठ म्हणत होती आणि कंबर हलवत होती.

सगळ्यात पुढे माझी भाची होती. दोन्ही गालांना हळद, ओठांवर आईचं गाणं. ह्यातली बहीण कोण, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. नाच सुरू करायला हात वर करून ती उभी होती, फक्त ड्रमचा ठेका येत नव्हता.

“मामा, वाजाड ना!” ती म्हणाली.

मी ड्रमरकडे वळलो आणि काड्या उचल म्हणून मान हलवली.