कोणाचं बघितलंस?

पनवेलच्या ज्या कॉलेजात शिक्षक तयार होतात, तिथे मी झाडू-फरशी करते. गणित कसं शिकवायचं ते शिकवणाऱ्या एक मॅडम तिथे आहेत. त्यांचा एकच हट्ट: चूक की बरोबर ते नंतर, आधी मुलाला विचारा, तू हे कसं केलंस? एकदा त्यांनी मला खडू वीस-वीसच्या ढिगांनी मोजताना पाहिलं. तेव्हापासून दर वर्षी नव्या बॅचसमोर मला उभं करतात.

मी सांगते ते असं. बाप मिठागरावर होता. टोपल्या विसांनी मोजायचा, मीही तेच शिकले. चौथीत गुरुजींनी बेरीज घातली, त्रेसष्ट आणि अठ्ठावन्न. तीन वीस आणि दोन वीस, झाले पाच. उरले तीन आणि अठरा, त्यात आणखी एक वीस, वर एक. पाटीवर मी नुसतं उत्तर लिहिलं, एकशे एकवीस. गुरुजी म्हणाले, "हातचा कुठाय? कोणाचं बघितलंस?" आणि छडी.

इथे मुली हमखास विचारतात, "मग तुम्ही काय म्हणालात, मावशी?"

मी म्हणायचे, "कोणाचंच नाय." टाळ्या पडायच्या.

ते खोटं होतं. तिसऱ्या छडीला मी शेजारच्या मुलीकडे बोट दाखवलं. मी तिच्या पाटीकडे बघितलंही नव्हतं. मला पाटी दाखवली म्हणून तिला माझ्यापेक्षा जास्त बसल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाने तिला शाळेतून काढून मिठागरावर कामाला नेलं. पुढे लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली.

भुतंखेतं मी मानत नाही. तरी वर्ग रिकामा झाला, मी फरशी पुसायला लागले, की ती शेवटच्या बाकावर दिसते. नऊ वर्षांची. तळहात मांडीखाली दाबून बसलेली.

यंदा एक मुलगी म्हणाली, "मावशी, माझा पाठ तुम्हीच घ्या. मॅडम मला नापास करणार आहेत."

"घेते की. पन तू मागं बसून झोपशील."

सगळ्या हसल्या आणि मागे वळल्या. मीही बघितलं. भरल्या वर्गात ती तिथेच होती.

मग नेहमीचा प्रश्न आला. मी खरं ते सांगितलं, बाळंतपणापर्यंत. मॅडम खुर्चीवर बसल्या.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"बेरीज कशी केली, तेवढंच तुमी विचारलं."

मॅडमनी त्या दिवशी तास लवकर सोडला. वाटलं, सांगून टाकलं, आता ती जाईल. वर्ग रिकामा झाला. मी बादली घेऊन शेवटच्या बाकाशी आले. ती तशीच बसलेली, तळहात मांडीखाली.

"पाय उचल," मी म्हटलं, आणि तिच्या खालची फरशी पुसून घेतली.