आबांच्या पगारावर तापलेलं पाणी

आमच्या आबांच्या सगळ्या नोकरीच्या पगारात तीस माणसांच्या आंघोळीचं पाणी तापतं. हे मी अंदाजाने सांगत नाही, स्वतः तापवून बघितलं आहे.

आबा गेले त्याच्या बाराव्या दिवशी मलकापूरच्या आमच्या घरात पाहुणे आंघोळीला रांग लावून उभे होते आणि बंब माझ्याकडे होता. (मला जबाबदारीचं काम द्यायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. म्हणून बंब!) लाकडं ओली होती. नुसता धूर. पाहुणे आधीच रडून दमलेले, आता धुरानं रडायला लागले. तेवढ्यात मला माळ्यावर खताच्या पिशवीत बांधलेलं कागदाचं गाठोडं दिसलं. कोरडं ठणठणीत! उघडून वाचायची मला लहानपणापासून सवय नाही. मूठमूठ घालत गेलो. पाणी असं तापलं की थोरले मामा पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाणी लय झ्याक काढलंस गड्या!" त्या तेरा दिवसांत माझं झालेलं हे एकमेव कौतुक.

तीन महिन्यांनी आईच्या पेन्शनचं पत्र आलं. आबा सांगलीकडच्या एका सूतगिरणीत फिटर होते. तिकडेच खोली घेऊन राहायचे, सुट्टीला घरी यायचे. गिरणी पुढे बंद पडली. पत्रात म्हटलं होतं, की मधल्या चार वर्षांचा पगार गिरणीने कळवलेलाच नाही, सबब ती नोकरी धरलेली नाही. पगाराच्या पावत्या नाहीतर टॅक्सचा फॉर्म सोळा आणून द्या. म्हणजे चार वर्षं आबा रोज डबा घेऊन गेले, हे सरकारदरबारी कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यापायी आईच्या हातात जे येत होतं, त्यात तिच्या गोळ्यासुद्धा धड बसत नव्हत्या.

"त्यात काय घाबरायचं?" आई म्हणाली. "तुझ्या आबांनी एकूण एक पावती जपलीया. माळ्यावर, खताच्या पिशवीत."

मी आधी माळ्याकडे बघितलं, मग बंबाकडे.

"आई, त्याला वाळवी लागली."

"समद्याला?"

"समद्याला."

"आन पिशवी? ती तर प्लॅस्टिकची हुती."

"लय भुकेली वाळवी होती, आई."

आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तांदूळ निवडायला लागली.

कुणीतरी सांगितलं, टॅक्सचे जुने कागद घरबसल्या मोबाइलवर निघतात. ओव्हरटाइमच्या जिवावर आबांचा थोडासा टॅक्स कापला जायचा आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! मी त्यांच्या नावानं टॅक्सच्या साइटवर शिरलो. पासवर्ड माहीत नाही म्हणालो. मोबाइल म्हणाला, ओटीपी पाठवलाय. पाठवलाय कुठे, तर आबांच्या नंबरवर! आणि तो नंबर मी आबा गेल्या गेल्या बंद करून टाकला होता. (आयुष्यात वेळेवर केलेलं एवढं एकच काम!) मी त्या नंबरला फोन लावला. तो आता महाबळेश्वरच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याला मिळाला होता.

"दादा, तुम्हाला आत्ता एक ओटीपी आला असंल बघा."

"आलाय की."

"तेवढा सांगता का?"

"सांगतो की. आदी तुझं नाव सांग, गाव सांग, आन जवळचं पोलीस ठाणं सांग."

"आवं, मी फसवणारा न्हाई. हा नंबर माझ्या वडिलांचा होता."

"मग वडलांना लाव की फोन."

"ते वारले."

"मेलेल्या बापाच्या नावानं फसवतूस व्हय रं? लाज वाटत न्हाई?"

फोन बंद.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. आवाज उतरलेला. "खरंच वारले का वो तुमचे वडील?"

"खरंच."

"मग ते मगदूम अण्णा कोण हायत, त्यांना कुणीतरी सांगा की! रोज सकाळी फोन करत्यात. जेवलास का, गुडघ्याला तेल लावलंस का. ऐकायला कमी येतंय त्यांना, मी कोण ते कळंना. मी सांगायला गेलो तर आपलंच बोलत्यात. आता मी नुसतं 'लावलं, लावलं' म्हणतो."

मगदूम अण्णा आबांच्या गिरणीत टाइमकीपर होते. हजेरी, रजा, पगार सगळं त्यांच्या हातून जायचं. आबांचे जिवाभावाचे दोस्त. आबा गेल्याचं सगळ्यांना कळवायची यादी माझ्याकडे होती. ती दुसऱ्या पानावरही होती, हे मला आत्ता कळलं!

आईला घेऊन सांगलीला गेलो. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"या, या! दिवस मावळायच्या आत जेवायला बसू. तो कुठाय? गाडीत?"

आईनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. अण्णांनी मान हलवली.

"खुळी का काय तू? काल बोललोय त्याच्यासंगं. तेल लावलं म्हणाला."

मी स्ट्रॉबेरीवाल्याचं सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजारचे चार लोक बाहेर आले. अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "तरीच. एवढं ऐकून घ्यायचा न्हाई तो माझं. मला वाटलं, सुधारला."

आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

मग विषय काढला. अण्णा म्हणाले, "पण त्याच्याकडं समद्या पावत्या हुत्या की."

"वाळवी लागली," मी म्हणालो.

"आवं अण्णा," आई शांतपणे म्हणाली, "ती वाळवी ही काय, तुमच्या म्होरं बसलीया. ह्यानं वाळवी म्हणल्यावर मी बंबाची राख उकरली, तवा अर्धवट पावती घावली."

अण्णा उठले आणि त्यांनी पलंगाखालून तरटात गुंडाळलेल्या वह्या ओढल्या. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा हजेरीची पुस्तकं रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढत होती. अण्णांनी ती उतरवून घेतली आणि रिक्षानं घरी आणली. "माणसांच्या हजऱ्या हायत त्या," म्हणाले, "किलोवर कशा द्यायच्या?"

चारही वर्षं सापडली! आबांचं नाव, रोजची हजेरी, महिन्याचा पगार आणि शेजारी आबांची ती वळणदार सही. आईनं सहीवरून बोट फिरवलं. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी वही बघू लागलो. मध्येमध्ये तांबड्या शाईत काहीतरी लिहिलं होतं.

"हे काय, अण्णा?"

"बिनपगारी रजा. आन म्होरं कारण." अण्णा मोठ्यानं वाचायला लागले. "मुलगा, झाडावरून पडला. मुलगा, शाळेत बोलावणे. मुलगा, घरातून पळाला. दुसऱ्या दिवशी, मुलगा सापडला. मुलगा, दहावी. मुलगा, दहावी पुन्हा. मुलगा, मोटारसायकल, पोलीस चौकी..."

शेजारचे अजून उभेच होते. त्यांना आता खुर्च्या दिल्या गेल्या.

आबा अधूनमधून अचानक घरी यायचे, तेव्हा मी शाळेत पोरांना सांगायचो, आमच्या आबांच्या गिरणीत लय सुट्ट्या असतात!

"मी म्हणायचो त्याला," अण्णा म्हणाले, "आरं, ताप आला म्हणून लिहू का? आजारपणाची रजा हाय, पगार तरी कापायचा न्हाई. बाकीच्यांच्या तर पाचपाच आज्या वारायच्या! पण ह्यो म्हणायचा, न्हाई अण्णा, पोराचं काम हाय, पोराचंच लिव्हा."

परतीच्या एसटीत त्या वह्या मी मांडीवर घेऊन बसलो.

पेन्शनच्या ऑफिसात मॅडमनी वह्या बघितल्या, झेरॉक्स ताडून पाहिल्या. चार वर्षं धरता येतील, म्हणाल्या. तांबड्या शाईचे दिवस तेवढे वजा होतील. आईनं हात जोडले. मॅडम पानं उलटत राहिल्या, आणि मग त्यांनी चष्म्यावरून विचारलं,

"यांना मुलं किती होती हो?"

"एकच," आई म्हणाली.

"एकच? मला वाटलं, चार-पाच तरी असतील."

"तसा तो एकटाच चार-पाचांना भारी हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. वह्यांवर गिरणीचा शिक्का नसल्यामुळे माहीतगार माणसानं नोंदी खऱ्या असल्याचं लिहून द्यावं लागेल, म्हणाल्या. मी खाली मान घालून लिहिलं, "तांबड्या शाईतील सर्व कारणे माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहेत," आणि सही केली. मॅडमनी ते दोनदा वाचलं, पेन उघडलं आणि माझ्या सहीखाली शेरा मारला: "कारण समक्ष हजर."